आहेराचं कपाट

आप्पा गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, देवमाणूस होता. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, कसला बोडक्याचा देवमाणूस. आमच्याकडे माणूस मेला की देव होतो, त्याला वेगळी पात्रता लागत नाही. माझे हे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पत्त्यांत राजरोस फसवायचे, दुपारी घोरायचे ते शेजारच्या घरात ऐकू जायचं, आणि दुसऱ्याच्या ताटातल्या पापडाचा तुकडा मोडून घेताना त्यांना कसलाही संकोच वाटायचा नाही. पण त्यांच्याइतका जीव मला दुसऱ्या कुणी लावला नाही, हेही तितकंच खरं. आता माझी पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा ही एक गोष्ट लिहून टाकावी म्हणते. तिच्यात चूक माझी होती, खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं, आणि मी ते गपगुमान फुटू दिलं.

आप्पांनी सगळी हयात सांगलीच्या पेठेतल्या एका मोठ्या कापड दुकानात काढली. लागले तेव्हा कापडाची ठाणं उचलायला होते, निवृत्त झाले तेव्हा मॅनेजर. खाली गादीवर मालक बसायचे आणि वर माडीवर साड्यांच्या विभागात आप्पांचं राज्य असायचं. सीमेपलीकडची गिऱ्हाइकं आली की "बर्री, कूडरी" म्हणून त्यांना बसवायचे. या-बसा एवढंच कानडी त्यांना यायचं, पण बसलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने उठत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी आजी गेली. आई त्यांची एकुलती एक. ती सांगलीला गेली, त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि त्यांना साताऱ्याला आमच्या घरी घेऊन आली. माझे वडील पलटणीत हवालदार, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. त्यांनी पत्रात लिहिलं, आप्पा आले ते बरं झालं, घराला पुरुषमाणूस झालं. वडिलांचं मन मोठं होतं. वाईट एवढंच की ते मन कायम दीड हजार मैलांवर असायचं.

दुकान सुटलं तरी आप्पांची सवय सुटली नव्हती. सकाळी नऊच्या ठोक्याला अंघोळ करून, टोपी घालून, उदबत्ती ओवाळून ते दारातल्या खुर्चीत बसायचे. म्हणजे आमचं घर उघडलं. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तरी "या ताई, बसा, पाणी घ्या" सुरू व्हायचं आणि ती बिचारी अर्धा तास अडकायची. ज्याची म्हणून घडी घालता येते त्याची ते घडी घालायचे: चादर, पिशवी, वर्तमानपत्र, आणि एकदा तर बोलता बोलता माझ्या ताटातली पोळी. जुन्या धोतराची फडकी करायची असली की कात्रीने नुसती चीर पाडायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं. त्या आवाजावरून ते कापडाची कुंडली सांगायचे. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांच्या सिल्कच्या साड्यांत सिल्क नव्हतं हे मला वयाच्या दहाव्या वर्षीच माहीत होतं.

स्वयंपाकघरात त्यांचा नियम एकच, जुना माल आधी. कालची भाकरी असताना आजचीला हात लावायचा नाही. झालं असं की कालची संपवण्यात आज जायचा आणि आजची उद्यावर पडायची. तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीकडे बघत आम्ही कालची चामट भाकरी शेंगदाण्याच्या चटणीशी चावत बसायचो. शेवटी आईचं डोकं फिरलं. तिने एका संध्याकाळी उरलेल्या सगळ्या भाकऱ्या गल्लीतल्या गाईला घातल्या आणि म्हणाली, "आप्पा, तुमचा जुना माल संपला. बसा आता गरम जेवायला." आप्पा तीन भाकऱ्या आणि वाटीभर भरीत जेवले, वर म्हणाले की गाईला एवढं शिळं बरं न्हवं.

माझी वेणी आप्पाच घालायचे, कारण आई शिक्षिका होती आणि तिची शाळा सकाळची. गाठोडं आवळावं तशी ते वेणी आवळायचे. माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या आणि वर्गात बाई विचारायच्या, तुला एवढं कशाचं आश्चर्य वाटलंय गं? शाळेत पालकांची सभा असली की पहिल्या रांगेत आप्पा. माझे गणितातले गुण वाचून दाखवले की शेजारच्या पालकांना सांगायचे, "पोरगी हुशार हाय, गणितच जरा निकृष्ट येतंय आजकाल." मी त्यांच्यावर चिडायचे, फुरंगटायचे, आणि शाळा सुटल्यावर फाटकाशी त्यांची टोपी दिसली नाही तर दप्तर सांभाळत कोपऱ्यापर्यंत धावत जायचे.

घरातलं लोखंडी कपाट हे आप्पांचं खास खातं. त्यात आहेरात आलेल्या साड्या असत. आहेराच्या साड्या नेसायच्या नसतात, फिरवायच्या असतात. हे ज्या बाईला कळत नाही तिने आमच्या भागात संसार मांडू नये. आता माझी सून मोबाइलवर साडी मागवते आणि आवडली नाही तर परत पाठवते, तेव्हा मला हसू येतं. परत पाठवायची विद्या आमच्याकडे जुनीच आहे, फक्त आमची साडी पाच घरं हिंडून जायची. त्यात धोका एकच: हिंडत हिंडत ती देणारीच्याच दारात गेली की नाक कापलं. म्हणून आप्पांची शिस्त होती. साडी आली की देणारीची चिठ्ठी घडीत तशीच ठेवायची. साडी बाहेर काढताना आधी चिठ्ठी वाचायची, त्या घरी किंवा तिच्या जावांकडे जात नाही ना बघायचं, मगच चिठ्ठी काढून टाकायची. इतक्या वर्षांत एक साडी चुकली नव्हती.

माझी शकूआत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, म्हसवडला दिलेली. जीव लावणारी, पण तोंडाची फटकळ. लेकीच्या घरी बापाने राहू नये, ही तेव्हाची रीत. काही घरांत तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बाप पीत नसे. आत्या आमच्याकडे आली की चपला काढता काढता विचारायची, "आप्पा, आजून हायसा व्हय?" आप्पा हसायचे. पण त्या दिवशी अर्धी भाकरी कमी खायचे आणि संध्याकाळी फिरायला म्हणून स्टँडवर जाऊन सांगलीच्या गाड्यांच्या वेळा विचारून यायचे. आई काही बोलायची नाही, नणंद पडली. मला एवढंच कळायचं की आत्या आली की आप्पा जायच्या गोष्टी करतात. एक दिवस ते खरंच जातील याची मला फार धास्ती होती.

मी दहावीत असताना आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. अशा लग्नात नवरीच्या आईला तिच्या भावाकडून साडी जाते, तो मानाचा आहेर. वडिलांना रजा मिळाली नाही. त्यांनी लिहिलं, साडी आप्पांच्याच पसंतीने घ्या. आप्पांना मूठभर मांस चढलं. खास सांगलीला जाऊन त्यांनी इरकल आणली, हिरवीगार, लाल काठाची. दारातल्या उजेडात आम्हा दोघींना पदर उलगडून दाखवला आणि म्हणाले, "ही नेसल्यावर शकूताई मला 'आजून हायसा व्हय' न्हाई इचारायच्या." मग ती खोक्यात घालून, दोऱ्याने बांधून, त्यांनी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. म्हणजे त्या साडीवर आप्पांचं आमच्या घरात राहणं ठरणार होतं, हे मला स्वच्छ माहीत होतं. तरीही मी गाढवपणा केला.

लग्नाच्या पाच दिवस आधी शाळेत आमचा निरोप समारंभ होता. मुलींनी साड्या नेसायच्या होत्या. आईच्या साड्या सगळ्या मास्तरणीच्या, राखाडी आणि मळखाऊ. मला वाटलं, दोनच तास तर नेसायची, जशी होती तशी घडी घालू, घडी घालण्यात आपलं घराणंच आहे. आप्पा बाजारात गेलेले बघून मी खोकं रिकामं केलं आणि मैत्रिणीच्या घरी जाऊन इरकल नेसले. मी छान दिसत होते, हे सांगायला आता कुणी उरलं नाही म्हणून मीच सांगते. समारंभात उसळ-पाव होता. शेजारच्या मुलीचा कोपर लागला आणि उसळीचा सगळा तांबडा कट माझ्या पदरावर. मी नळाखाली साबण लावून चोळला तर काठाचा लाल रंग हिरव्यात उतरला. घरी आल्यावर ती साडी गाद्यांच्या चळतीत सगळ्यात खाली कोंबली आणि आहेराच्या कपाटातून दुसरी हिरवी, लाल काठाची साडी काढून खोक्यात भरली. हाताला ती जाड लागत होती, पण मला तेव्हा रंग दिसत होता, बाकी काही दिसत नव्हतं. घडीत चिठ्ठी असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही. दोऱ्याची गाठ मारली, बुटाच्या नाडीला मारतात तशी, मला तेवढीच यायची.

म्हसवडला मांडवात बायका गोल करून बसल्या होत्या. आप्पा वडिलांच्या वतीने आहेर घेऊन उभे राहिले, नवी टोपी, कडक इस्त्रीचं धोतर. आत्याने खोकं उघडलं, साडी हातात घेतली आणि सगळ्यांना दिसावी म्हणून घडी झटकली. चिठ्ठी खाली पडली. शेजारच्या एका बाईने ती उचलली आणि उत्साहाने मोठ्याने वाचली: "सौ. वहिनीस सप्रेम भेट, तुमची शकू." आमच्या घराच्या वास्तुशांतीला आत्यानेच आईला दिलेली साडी होती ती. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्याचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. मांडवात, व्याह्यांकडच्या बायका बसलेल्या असताना तिचा मान गेला होता. आज मला तिचाही राग समजतो.

ती आप्पांना म्हणाली, "लेकीच्या घरात बसून खातायसा ते खावा. माझ्या भावानं धाडलेला आहेर बी खाल्लासा व्हय?"

आप्पांनी साडी तिच्या हातातून हळूच घेतली. एवढं झालं तरी त्यांनी तिची घडी घातली, काठाला काठ लावून. मग खोक्याचा दोरा उचलला, त्यावरची ती बुटाच्या नाडीची गाठ बघितली आणि एकदाच माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात बुंदीचा लाडू होता.

"चूक माझी हाय, ताई," ते म्हणाले. "माल मी भरलाय."

आई पुढे झाली तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं. मला बोलता आलं असतं. तिथे, तेव्हा, चार शब्द. मी लाडू गिळला आणि खाली बघितलं. पुढे आयुष्यात मी बरेच मूर्खपणे केले, पण त्या लाडवाइतकी लाज मला कशाचीच वाटत नाही.

साताऱ्याला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी आप्पांनी माझी वेणी घातली, नेहमीसारखी आवळली नाही. मग आईला म्हणाले, "सांगलीला जातो. पुतण्याकडं ऱ्हाईन." आईने खूप विनवण्या केल्या. ते एवढंच म्हणाले की खूप दिवस झाले, आता बरं न्हाई दिसत. नऊ वाजता दारातली खुर्ची रिकामी राहिली. बोर्डाची परीक्षा मी त्याच अपराधी मनाने दिली आणि रोज ठरवत राहिले, की उद्या आईला सांगू. गरम भाकरी रोज मिळत होती, आणि मी डब्यात कालची शोधत होते.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मी गाद्यांखालून इरकल काढली आणि आईसमोर ठेवली. सगळं सांगितलं. आईने आधी एक सणसणीत लगावली. मग भिंतीला टेकून खालीच बसली आणि म्हणाली, "मला वाटलं, आप्पांचं डोकं चालेनासं झालं. इतकी वर्षं साड्यांत गेली आणि आता साडी ओळखेनात, इरकल कुठं ठेवली तेही सांगेनात. महिनाभर मी त्याच काळजीने रडतीय गं." हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि माझ्याकडून आत्याला पत्र लिहून घेतलं. पाकीट नाही, कार्ड. म्हसवडच्या पोस्टमनलाही कळू दे, म्हणाली. सकाळी मला सांगलीच्या गाडीत बसवलं आणि खिडकीतून बजावलं, "त्यांना घेऊन ये. ते नाही आले तर तूही येऊ नकोस."

पुतण्याच्या घरी विचारलं तर त्याची बायको, माझी मामी, म्हणाली, दुकानात असतील, दुसरीकडं कुठं जाणार. मी तिकडे गेले. आप्पा खालीच दाराजवळ एका स्टुलावर बसले होते. कुणा बाईला सांगत होते, "ताई, जरा उजेडात बघा, आतल्या लाइटवर जाऊ नका." नवा मॅनेजर दातओठ खात होता. पायरीवर माझी सावली पडली तर वर न बघताच म्हणाले, "या ताई, बसा." मग बघितलं. उठले, कोपऱ्यावरून भडंगाची पुडी घेतली आणि आम्ही शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

"साडी मी बदलली, आप्पा."

"ठाव हाय. गाठ बघितली की मी."

"मग बोलला का नाही?"

"काउंटरवरच्या पोरीची चूक झाली तर गिऱ्हाइकासमोर मॅनेजरनं तिचं नाव घ्यायचं नसतंय. आपल्या अंगावर घ्यायची. मग आत न्यायचं आणि कानफाटात द्यायची."

"मग न्या की आत. द्या."

आप्पांनी भडंगातले शेंगदाणे वेचून माझ्या हातावर ठेवले. "आत म्हंजे कुठं, बायडे? ते घर माझं हाय व्हय? शकूताई तोंडानं वाईट हाय, पर खोटं न्हाई बोलली. लेकीच्या घरी ऱ्हाऊ न्हाई."

मी रडायला लागले. रस्त्यावर, भर बाजारात, नाक वाहेपर्यंत. मला घरी जायचं होतं आणि यांच्याशिवाय जायची सोय नव्हती. आणि त्या रडण्यातच माझ्या तोंडून निघालं, "आईच्या घरी नका राहू मग. माझ्या घरी राहा. मीपण तिथंच राहते की. नातीच्या घरी राहू नये असं कुणी सांगितलंय?"

आप्पांचं चावणं थांबलं. ते समोर बघत हळूहळू बोटांवर मोजायला लागले. "लेकीच्या घरी न्हाई. म्हंजे जावयाच्या न्हाई. व्याह्याच्या तर न्हाईच न्हाई." चौथ्या बोटावर अंगठा थांबला. "नातीचं मात्र कुणी काय बोलल्यालं माझ्या ऐकण्यात न्हाई."

"मग?"

"कुणी इचारलं कुणाकडं असतोस, तर?"

"माझं नाव सांगा."

ते उठले, धोतर झटकलं, आणि दुकानात शिरून नव्या मॅनेजरला सांगून आले, की मी नातीकडे राहायला चाललोय, तुमचं तुम्ही बघा. त्या माणसाने हात जोडले ते निरोपाचे होते की सुटकेचे, देव जाणे. संध्याकाळी साताऱ्यात घरात पाऊल टाकल्यावर आप्पांनी मला सरळ स्वयंपाकघरात आत नेलं, एक कानफाटात दिली आणि मग आईला म्हणाले, च्या टाक. माझ्या गालाला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

आत्या वर्षभर माझ्याशी बोलली नाही, तेवढीच शांतता. पुढे ती आली तेव्हा चपला काढता काढता आप्पांकडे बघून काहीतरी विचारणार होती, तेवढ्यात आप्पाच म्हणाले, "नातीकडं असतो मी आता." आत्या एक पाय चपलेत आणि एक बाहेर, अशी उभी राहिली.

यात एक अडचण होती, ती आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती. सहा-सात वर्षांनी माझं लग्न ठरलं, वाईचं स्थळ. आमच्याच घरी बैठक बसली, सगळं बोलून झालं. आप्पा कोपऱ्यात वर्तमानपत्राची घडी घालत आणि मोडत बसले होते. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं आणि का ते मला कळत होतं. होणाऱ्या सासूबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "पोरीला काय सांगायचंय का?" नवरीने अशा वेळी खाली मान घालून नाही म्हणायचं असतं. मांडवात एकदा खाली मान घातली होती, तेवढी पुरे होती. मी म्हणाले, "आप्पा माझ्या घरी राहतात. मी जिथं जाईन तिथं ते येणार."

आईने मला चिमटा काढला. वडील निवृत्त होऊन आले होते, ते छताकडे बघायला लागले. आप्पा तर उठून चाललेच होते. सासूबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आमची वरची खोली रिकामी हाय," त्या म्हणाल्या. "आप्पा, जिना चढता येतो न्हवं तुमाला?"

आप्पा दारात थांबले. टोपी सारखी केली.

"चढतो की," म्हणाले. "उतरायचं मात्र आत्ताच सांगता यायचं न्हाई."

नऊ वर्षं ते त्या खोलीत राहिले आणि जेवायला दोन्ही वेळा, हाक मारायच्या आत, स्वतःच्या पायांनी खाली आले. शेवटचं तेवढं त्यांना चौघांनी उतरवलं, माझ्या घरातून.